दारात लाल झाड हवं, पण सावलीही हवी

पत्र: आम्ही न्यू जर्सीत हिल्सबरोला राहतो. घर पश्चिमेकडे तोंड करून आहे. घेतलं तेव्हा पुढे पेअरचं मोठं झाड होतं, एप्रिलमध्ये पांढऱ्या फुलांनी भरून जायचं. गेल्या जुलैच्या वादळात ते मधोमध चिरलं आणि कापावं लागलं. तेव्हापासून दुपारी तीननंतर हॉल नुसता तापतो, एसी थांबायचं नाव घेत नाही. आता नवीन झाड लावायचं आहे. यांना व्हर्मॉंटला पाहिलेला शुगर मेपल हवा आहे. शेजारी म्हणतात, ऑटम ब्लेझ लावा, भराभर वाढतो. माझं म्हणणं एवढंच, की दिवाळीच्या फराळाला सगळे जमतात तेव्हा दारातलं झाड लाल असावं. सासूबाई साताऱ्याहून वर्षातले सहा महिने इथे असतात. त्यांच्या मते दारासमोर मोठं झाड असूच नये. अंगण 60 फूट रुंद आणि साइडवॉकपर्यंत 40 फूट खोल आहे. दारात उभं राहून बाहेर पाहिलं तर उजवीकडे ड्राइव्हवे आणि डावीकडे हॉलची बे विंडो. सीवर लाइन दारासमोरून सरळ रस्त्याकडे जाते. साइडवॉकच्या पलीकडे विजेच्या तारा आहेत. एक झाड लावू की तीन? कोणतं? आणि सावली कधी मिळेल?

— एक वाचक, हिल्सबरो

उत्तर: तीन नको. मोठं झाड एकच लावा, आणि ते ब्लॅक गम असू द्या. फारच हौस असेल तर तारांच्या बाजूला एक छोटं सर्व्हिसबेरी. हे उत्तर लगेच पटणार नाही याची मला कल्पना आहे. तुमच्या पत्रात माणसं चार, मतं चार, आणि ब्लॅक गमचं नाव त्यातल्या एकानेही घेतलेलं नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या घरात सगळी चर्चा रंगावरून चाललेली दिसते. रंग टिकतो दोन आठवडे, फार तर तीन. मध्येच पाऊस-वारा आला तर तेवढाही नाही. हॉल मात्र मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तापतो. म्हणून आधी जागा ठरवा, मग झाडाचा आकार आणि शेवटी रंग. लोक नेमकं उलटं करतात. ऑक्टोबरमध्ये कुणाच्या तरी दारात पेटलेलं झाड बघायचं, फोटो काढायचा, नर्सरीत जायचं आणि मग घरी येऊन ‘आता हे कुठे लावायचं?’ असा प्रश्न पडायचा.

जागेचा हिशेब इथे आपल्याकडच्यापेक्षा वेगळा लागतो. महाराष्ट्रात मे महिन्याच्या दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे सावली म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर झाडाखालची सावली येते. हिल्सबरो साधारण साडेचाळीस अंश अक्षांशावर आहे. इथे जूनच्या भर दुपारीसुद्धा सूर्य 73 अंशांच्या वर चढत नाही. त्या वेळी 30 फुटी झाडाची सावली जेमतेम 9 फुटांची असते आणि ती उत्तरेला पडते. घराला तिचा काही उपयोग नाही. खरा त्रास पुढे सुरू होतो. जूनच्या शेवटी संध्याकाळी पाच वाजता सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला, क्षितिजापासून 37 अंशांवर असतो. म्हणजे तो सरळ तुमच्या बे विंडोत डोकावतो. छपराची वळचण त्याला अडवू शकत नाही, कारण ऊन तिच्या खालूनच आत शिरतं. आता त्याच 30 फुटी झाडाची सावली 40 फूट लांब झालेली असते. झाड खिडकीपासून 22 फुटांवर असेल तर ही सावली भिंतीवर साधारण 13 फूट उंच चढते. खालच्या मजल्याची अख्खी खिडकी झाकली गेली. एखाद्या संध्याकाळी पाचला बाहेर उभं राहा. तुमची स्वतःची सावली कुठे पडते ते बघितलंत की कागदावर काही मांडायची गरजच उरणार नाही.

तेव्हा जागा ही: बे विंडोच्या समोर, भिंतीपासून 20 ते 22 फूट, आणि खिडकीच्या मध्यापासून चार-पाच फूट डावीकडे, म्हणजे दक्षिणेला. डावीकडे अशासाठी, की तीन-चार वाजता सूर्य अजून नैऋत्येकडे झुकलेला असतो, आणि तुमचा हॉल तीनपासून तापायला लागतो. साइडवॉक तिथून 18 फूट उरतो. तारांना फांद्या लागणार नाहीत, सीवर लाइनपासूनही झाड दूर राहील.

आणि सासूबाईंचं ऐका. वास्तुशास्त्रात मला शिरायचं नाही, पण दारासमोर झाड नको हे त्यांचं म्हणणं तुमच्या घरापुरतं सोळा आणे बरोबर आहे. तिथूनच सीवर लाइन जाते, आणि पाइपच्या जुन्या सांध्याला जरा गळती असली की झाडाची मुळं तो ओलावा शोधत बरोबर आत शिरतात. शिवाय नोव्हेंबरच्या पावसात ओली पानं दाराच्या पायऱ्यांवर चिकटून बसतात. पंच्याहत्तरीच्या माणसाला घसरायला एक पान पुरतं. झाड खिडकीसमोर गेलं की त्यांचंही समाधान होईल आणि सावलीही जिथे हवी तिथे पडेल.

साइडवॉक आणि रस्ता यांच्यामधल्या पट्ट्यात काही लावायचा विचार असेल तर तो आताच सोडा. ती जागा सहसा टाउनशिपच्या ताब्यात असते, परवानगीशिवाय तिथे झाड लावता येत नाही. न्यू जर्सीत गावाने शेड ट्री कमिशन, म्हणजे सार्वजनिक झाडांची समिती, नेमावं अशी सोय 1893 पासून कायद्यात आहे. तुमच्या टाउनशिपमध्ये हे काम कोण बघतं ते कार्यालयात विचारलं की कळेल. शिवाय डोक्यावर तारा. तारांखाली मोठं झाड लावलं की दर काही वर्षांनी वीज कंपनीची माणसं येतात आणि मधोमध खिंड पाडून जातात. अशी झाडं तुम्ही रस्तोरस्ती बघितलीच असतील.

आता एकेकाचं मत घेऊ. तुमच्या ‘यां’चा शुगर मेपल आधी. झाड म्हणून त्याला तोड नाही. केशरी, सोनेरी आणि लाल एकाच फांदीवर, हे दुसऱ्या मेपलला सहसा जमत नाही. पण व्हर्मॉंटमध्ये तुम्ही त्याला डोंगरउतारावर, थंड हवेत, जंगलाच्या भुसभुशीत मातीत पाहिलंत. तुमच्या अंगणातली माती बहुधा लालसर शेल खडकाची, चिकण असणार, त्यातून घर बांधताना बुलडोझरखाली दाबली गेलेली. वर दुपारचं ऊन आणि हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ. यांतलं काहीच त्याला मानवत नाही. ऑगस्टमध्ये पानांच्या कडा करपतात, आणि ऑक्टोबरमध्ये रंगायला धड पान उरत नाही. राज्याच्या वायव्येला डोंगराळ भागात तो छान येतो. तुमच्याकडे तो जगेल, पण कुरकुरत.

शेजाऱ्यांचा ऑटम ब्लेझ हा रेड मेपल आणि सिल्व्हर मेपल यांचा संकर. वर्षाला तीन फूट सहज वाढतो आणि रंगही देखणा येतो, त्यात शेजारी खोटं बोलत नाहीत. माझी हरकत फांद्यांना आहे. लहानपणी नीट छाटणी झाली नाही तर त्याला दोन-तीन सारख्या ताकदीची खोडं फुटतात, आणि त्यांच्यामधला कोन अरुंद राहतो. अशा बेचक्यात दोन्हीकडची साल आत दबते, लाकूड एकमेकांत विणलंच जात नाही. वरून एकसंध दिसतं, पण आत भेग तयार असते. तुमचं पेअर नेमकं असंच गेलं. ते बहुधा कॅलरी पेअरचं ब्रॅडफर्ड वाण असणार, ज्याच्या सगळ्या फांद्या बुंध्यावर एकाच ठिकाणाहून उभ्या निघतात. पंधरा-वीस वर्षांचं झालं की त्याला एक जोरदार वादळ पुरतं. पुन्हा कुणी तेच लावायला सुचवलं तर ऐकू नका. पक्षी त्याच्या बिया पसरवतात आणि ते पडीक जागा व्यापून टाकतं. ओहायोने 2023 मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने 2024 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, ती यामुळेच.

बाकीच्यांची नावं नर्सरीत निघतीलच, म्हणून झटपट सांगून टाकते. ॲश अजिबात नको. एमराल्ड ॲश बोअरर हा किडा न्यू जर्सीत 2014 मध्ये सापडला आणि त्याने ॲशची झाडं साफ करत आणली आहेत. बीचच्या झाडांना सध्या पानांच्या रोगाने घेरलं आहे. नॉर्वे मेपलचं ‘क्रिम्सन किंग’ लोक रंगाला भुलून घेतात. पण त्याची पानं उन्हाळाभरच काळपट जांभळी असतात, फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, ती तपकिरी होऊन गळतात. शिवाय खाली इतका दाट काळोख की गवतही उगवत नाही. स्वीटगमचा रंग अप्रतिम, पण त्याच्या काटेरी गोळ्या हिवाळाभर लॉनवर पडतात आणि पायाखाली गोट्यांसारख्या सरकतात. घरात वयस्क माणूस असताना तो नकोच. गिंकोचं पिवळं सोनं मला फार आवडतं. त्याची सगळी पानं एका-दोन दिवसांत एकदम गळतात, तेव्हा खाली पिवळाधमक सडा पडतो. पण तो सावकाश वाढतो. आणि घ्यायचाच तर कलम केलेला नर वाणच घ्या, कारण मादी झाडाची फळं कुजली की सगळी गल्ली नाक धरून चालते. जपानी मेपल सुंदर, पण तो अंगणाचा दागिना झाला. त्याच्याकडून सावलीची अपेक्षा धरू नका.

ओकबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण मन माझं त्याच्याकडेच ओढतं. नॉर्दर्न रेड ओक हा तर न्यू जर्सीचा राज्यवृक्ष. स्कार्लेट ओकचा लाल रंग ऑक्टोबरच्या शेवटी येतो आणि नोव्हेंबरात बराच काळ टिकतो. ओकवर पाचशेहून अधिक जातींचे पतंग आणि फुलपाखरांचे सुरवंट वाढतात, आणि पक्ष्यांची पिल्लं त्याच सुरवंटांवर पोसली जातात. पण स्कार्लेट ओक 40-50 फूट पसरतो. तुमच्या 40 फुटांच्या अंगणात तो पंचवीस वर्षांनी घराच्या छपरावर आणि तारांवर एकाच वेळी हात टाकेल. शिवाय रेड आणि पिन ओकना इथे बॅक्टेरियल लीफ स्कॉर्च नावाचा रोग बराच लागतो. घरामागे मोकळी जागा असेल तर तिथे एक व्हाइट ओक लावा आणि विसरून जा. त्याचा रंग दारू मुरल्यासारखा गडद तांबडा, जांभळट. आणि तुमच्या नातवंडांना त्याच्या खाली बसता येईल.

आता ब्लॅक गम. काही नर्सरींमध्ये त्याला ब्लॅक टुपेलो म्हणतात. नावाने गोंधळू नका, स्वीटगमशी त्याचं काही नातं नाही. हे इथलंच झाड, मूळचं पूर्व अमेरिकेतलं. चिकण माती, कधी पाणी साचणं, कधी कोरड, सगळं सोसतं. बागेत ते साधारण 30 ते 50 फूट उंच आणि 20 ते 30 फूट रुंद होतं, म्हणजे तुमच्या जागेला मापात बसतं. खोड बहुतेक सरळ एकच राहतं आणि फांद्या आडव्या निघतात. वादळात चिरण्याची भीती त्यामुळे खूप कमी. पानं तीन ते पाच इंचांची, लंबगोल आणि वरून मेणचट चकाकणारी. ऑगस्टच्या शेवटीच हिरव्या गर्दीत एखादं पान लालभडक झालेलं दिसतं. नवखा माणूस घाबरतो, की झाडाला काही झालं की काय. काही झालेलं नसतं. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अख्खं झाड पिवळ्या-केशरीतून शेंदरी होतं, आणि ते वर्षानुवर्षं न चुकता होतं. मेपल एखाद्या वर्षी रुसतो, ब्लॅक गम सहसा नाही.

तुमचं घर पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे रंगाच्या बाबतीत तुमचं भाग्य समजा. लाल पान समोरून उजेड पडला तर नुसतं लाल दिसतं. मागून उजेड आला तर त्यातली शीर न् शीर दिसते. तुम्ही हॉलमध्ये बसणार, समोर झाड, आणि त्याच्या मागे मावळता सूर्य. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे दृश्य दिसणारच नाही.

हा लाल रंग येतो कुठून, हेही थोडक्यात सांगते, कारण त्यावर एक निर्णय अवलंबून आहे. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, फक्त हिरव्याखाली दडलेला. दिवस लहान झाले की हरितद्रव्य विरतं आणि पिवळा उघडा पडतो. लाल मात्र झाड शरद ऋतूत नव्याने तयार करतं, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि त्यासाठी स्वच्छ ऊन लागतं. आपल्याकडे गळण्याआधी लाल होणारा देशी बदाम सगळ्यांनी पाहिला आहे. उन्हातला बदाम कसा भडक होतो आणि इमारतीच्या सावलीतला कसा मळकट राहतो, ते आठवून बघा. इथे लख्ख दिवस आणि थंड पण गोठवणाऱ्या नव्हे अशा रात्री सलग मिळाल्या तर रंग उत्तम येतो. ढगाळ, उबदार ऑक्टोबर असला की सगळ्या गावाचाच रंग फिका. म्हणून जे झाड लालसाठी घ्यायचं ते भरपूर उन्हात हवं, आणि तुमची जागा तशी आहे.

राहिली दिवाळी. तुमची इच्छा मला कळते, पण ती एका झाडाकडून पुरी होणार नाही. झाड चालतं सूर्यावर, आपला सण चालतो चंद्रावर. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला आलं आणि 2025 मध्ये 20 ऑक्टोबरला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते पुन्हा 8 नोव्हेंबरला. अधिक महिना पंचांगात असतो, झाडाला तो कुठून कळणार? दिवाळी ऑक्टोबरात आली तर ब्लॅक गमवर थोडी पानं शिल्लक असतील. नोव्हेंबरात आली तर तो बोडका झालेला असेल. दिवाळीचा रंग हाच घरच्यांचा मुख्य हट्ट असेल तर पर्याय एकच, रेड मेपलचं ‘ऑक्टोबर ग्लोरी’ हे वाण. तुमच्या जवळच्याच प्रिन्स्टन नर्सरीजने ते 1961 मध्ये बाजारात आणलं. ते उशिरा रंगतं, ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि वाढतंही ब्लॅक गमपेक्षा जोरात. पण त्याची मुळं जमिनीच्या वर येतात, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी तिथे गवत कापायचा मोअर फिरवणं जड जातं. आणि सप्टेंबरात लँटर्नफ्लाय नावाचे किडे रेड मेपलच्या खोडांवर थव्याने बसतात. त्यांच्या चिकट पाण्यावर काळी बुरशी धरते आणि खालची बाकं, पायऱ्या, खेळणी सगळं काळं होतं. एवढं चालत असेल तर तुमच्या ‘यां’च्या मेपलच्या हट्टाचीही त्यातच सोय होते. घर माझं असतं तर मी ब्लॅक गमच लावला असता आणि दिवाळीला दारात झेंडूचं तोरण बांधलं असतं.

सर्व्हिसबेरी लावायची असेल तर डावीकडच्या टोकाला, साइडवॉकच्या अलीकडे. ती 15 ते 25 फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे तारांची चिंता नाही. एप्रिलमध्ये पांढरी फुलं, म्हणजे तुमच्या पेअरची आठवण भागेल, आणि तीही त्या पेअरच्या दर्पाशिवाय. जूनमध्ये गोड जांभळी फळं, खाण्याजोगी, जर पक्ष्यांनी शिल्लक ठेवली तर. फॉलमध्ये केशरी-लाल.

नर्सरीत जाल तेव्हा नुसत्या लेबलवरच्या फोटोवर विसंबू नका. ऑक्टोबरमध्ये जा आणि झाड प्रत्यक्ष बघा. रेड मेपल बियांपासून वाढवलेला असेल तर तो लाल होईलच असं नाही, कधी नुसता पिवळा होतो, म्हणून वाणाचं नाव विचारा. ब्लॅक गममध्ये ‘ग्रीन गेबल’ किंवा ‘रेड रेज’ मिळालं तर उत्तम. ‘रेड रेज’च्या पानांवर काळे ठिपके कमी पडतात. झाडाला वरपर्यंत एकच मुख्य खोड आहे ना ते बघा. मग खाली वाका आणि बुंध्याशी माती बोटाने उकरा. खोड जमिनीत शिरताना पायथ्याशी रुंद व्हायला हवं, जिथून पहिली मुळं फुटतात तिथे. इंग्रजीत त्याला रूट फ्लेअर म्हणतात. दोन इंच उकरूनही खोड खांबासारखं सरळच खाली जात असेल तर झाड मुळात खोल बसवलेलं आहे. शक्यतो दुसरं बघा. कुंडीतलं असेल तर विक्रेत्याला कुंडी काढून दाखवायला सांगा. मुळं भांड्याच्या आकाराने गोल-गोल गुंडाळली असतील तर तेही नको. विक्रेता वैतागला तर वैतागू द्या. झाड पन्नास वर्षांसाठी घ्यायचं आहे.

फार मोठं झाड विकत घेण्याचा मोह टाळा. दीड-दोन इंच जाडीच्या खोडाचं पुरे. खणून काढताना मोठ्या झाडाची बरीच मुळं तुटतात आणि ते पुढची काही वर्षं तीच भरून काढण्यात घालवतं. ब्लॅक गमला मुळं तुटलेली मुळीच आवडत नाहीत. त्याच कारणाने तो फॉलमध्ये लावू नका. ऑक्टोबरात निवडून ठेवा, मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये लावा. सर्व्हिसबेरी मात्र फॉलमध्ये लावली तरी चालते.

हिवाळ्याच्या आत दोन कामं करून घ्या. एक म्हणजे माती तपासणी. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो, त्यांचं काउंटीतलं एक्स्टेन्शन, म्हणजे शेती-बागकाम सल्ल्याचं, कार्यालय सगळं समजावून सांगतं. ब्लॅक गमला आम्लधर्मी माती लागते. लॉनसाठी कुणी वर्षानुवर्षं चुना टाकत आलं असेल तर ते आताच कळलेलं बरं. दुसरं म्हणजे जुन्या पेअरचा बुंधा. तो मशीनने दळून घ्या, पण नवीन झाड त्याच खड्ड्यात लावू नका. तिथे लाकडाचा भुसा आणि कुजणारी मुळं असतात, माती वर्षानुवर्षं खचत राहते. किमान सात-आठ फूट बाजूला सरका. पेअरचे फुटवे वर येत राहतील, ते दिसतील तसे कापत राहा.

खणण्याआधी 811 ला फोन करा. फुकट आहे, आणि न्यू जर्सीत कायद्याने बंधनकारक आहे, तुम्ही स्वतः फावडं मारणार असलात तरी. किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. मग माणसं येऊन गॅस, वीज, केबल कुठून जाते ते रंगाने जमिनीवर आखून जातात. सीवरची घरापासून रस्त्यापर्यंतची लाइन मात्र तुमची स्वतःची असते आणि ती ते आखतीलच असं नाही. घराचे जुने कागद काढून बघा.

खड्डा मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच, त्याहून जास्त नाही. इथे आपले लोक हमखास चुकतात. गावाकडे आंब्याचं कलम लावताना तीन फूट खोल खड्डा घेऊन शेणखत भरायची सवय असते, तीच इथे चालवतात आणि मग झाड खचून खाली बसतं. चिकण मातीत खोल खड्डा म्हणजे पाण्याचं डबकं. गोळ्याच्या वरची तार आणि गोणपाट कापून काढा, दोऱ्या तर नक्की काढा. खोदलेली मातीच परत भरा, विकतची भुसभुशीत माती नको. रूट फ्लेअर जमिनीच्या वर दिसलं पाहिजे. वर दोन-तीन इंच मल्च, म्हणजे लाकडाच्या चुऱ्याचा थर, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. कामाला येणारी मंडळी बुंध्याभोवती मल्चचा डोंगर रचून जातात, त्याने साल कुजते. ते निघून गेले की तो डोंगर हाताने सरकवून टाका.

पाणी पहिले दोन उन्हाळे चुकवू नका. पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला 15 ते 20 गॅलन, सावकाश, बुंध्याशी. लॉनच्या स्प्रिंकलरचं पाणी धरू नका, ते वरची माती ओली करतं आणि मुळांपर्यंत पोचत नाही. झाडाला गुंडाळायच्या पाण्याच्या पिशव्या मिळतात, रात्री भरून ठेवली की ती हळूहळू झिरपत राहते. पहिल्या वर्षी खत नको.

सावली कधी? ब्लॅक गम पहिली दोन-तीन वर्षं मुळं पसरण्यात घालवेल आणि वर काहीच होत नाही असं वाटेल. नंतर वर्षाला फूट-दीड फूट. खिडकीला जाणवण्याजोगी सावली पडायला आठ ते दहा वर्षं धरा, ऑक्टोबर ग्लोरी लावलात तर पाच ते सात. तोवर बे विंडोला बाहेरून पडदा किंवा कापडी छत लावा. आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नसतो, कारण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. एसीच्या बिलात पहिल्याच जुलैत फरक दिसेल.

आणि हिल्सबरोला हरणं किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. ती शेंडे खातात तो भाग वेगळा. खरं नुकसान करतात नर, फॉलमध्ये कोवळ्या खोडावर शिंगं घासून. एका रात्रीत चारही बाजूंची साल निघाली तर झाड संपलंच. सप्टेंबर उजाडण्याआधी खोडाभोवती चार-पाच फूट उंच जाळी उभी करा, खोडाला न टेकता, आणि मार्चमध्ये काढा. खोड मनगटापेक्षा चांगलं जाड होईपर्यंत दरवर्षी.